पास्त्याची नावं पाठ करत बसू नका: इटलीत नव्याने आलेल्यांसाठी आकार ओळखायची रीत

बोलोन्यात शिकायला आले तेव्हा मला पास्त्याचे तीन प्रकार माहीत होते: मॅकरोनी, स्पघेटी आणि पेने. सुपरमार्केटातल्या पास्त्याच्या रांगेपुढे उभी राहिले आणि लक्षात आलं की यातल्या एकाचा उच्चारही धड येत नाही. आपण ज्याला मॅकरोनी म्हणतो, त्या वाकड्या नळीच्या पाकिटावर इथे 'कीफ्फेरी' किंवा 'गोमीती' लिहिलेलं असतं. गोमीती म्हणजे कोपरं. 'माक्केरोनी' हा शब्द इथे कुठल्याही एका आकाराला बांधलेला नाही, गावागणिक त्याचा अर्थ बदलतो.

पहिला मोठा घोटाळा गुढीपाडव्याला झाला. गव्हल्यांची खीर करायची होती. गव्हल्यांसारखा दिसणारा पास्ता म्हणजे ओर्झो, असं कुठेतरी वाचलं होतं. दुकानात 'ओर्झो' असं ठसठशीत लिहिलेलं पाकीट मिळालं. घरी आणून तुपात परतलं, दुधात शिजायला टाकलं. पाऊण तास झाला तरी दाणे दाताखाली टणक. घरमालकीणबाईंनी पातेल्यात डोकावून विचारलं, दुधात जव कशाला शिजवते आहेस? इटालियनमध्ये ओर्झो म्हणजे जव, बार्ली. मला हव्या असलेल्या पास्त्याला इथे 'रिझोनी' म्हणतात.

त्यानंतर दोनेक महिने मी नावांची यादी पाठ करायचा प्रयत्न केला. उपयोग शून्य. मग एका रविवारी घरमालकीणबाईंना लाटताना बघत होते आणि डोक्यात लख्ख उजेड पडला: हे सगळं मी आजीच्या ओसरीवर पाहिलेलं आहे. कणीक एक तर लाटून कापतात, नाही तर सोऱ्यातून दाबतात, बोटाने वळतात किंवा आत काही भरून मुडपतात. शंकरपाळे, चकली, गव्हले, करंजी. आकार कुठल्या हालचालीतून आला हे ओळखलं की अर्धं काम झालं. उरलेलं नावातच लिहिलेलं असतं.

हाताशी काय लागेल

मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी. हसू नका, पुढे कळेल. फोनमध्ये भाषांतराचं ॲप, पाकिटाची मागची बाजू वाचायला. आणि एक रिकामी बरणी. तिचं काम शेवटी.

१. आधी उच्चार दुरुस्त करा

पाच मिनिटांचं काम आहे, पण दुकानात विचारायची वेळ आली की याचाच उपयोग होतो. इटालियन लिपीत 'सीएच' म्हणजे 'क', आणि 'सी'पुढे 'आय' किंवा 'ई' आला तर 'च'. म्हणून 'ओरेक्किएत्ते', पण 'फेत्तुचीने'. 'जीएन' म्हणजे 'न्य': न्योक्की. 'जीएलआय' म्हणजे साधारण 'ल्य': ताल्यातेल्ले.

जोडाक्षर असेल तिथे जोर द्या. 'पेन्ने'मधला न दुहेरी आहे. तो एकेरी करून 'पेने' म्हणालात तर इटालियनमध्ये भलत्याच अवयवाचं नाव होतं. मी ते भर दुपारी, गर्दीच्या काउंटरवर, मोठ्याने म्हटलेलं आहे.

२. पीठ कोणतं ते बघा

इथे दोन घराणी आहेत. पाकिटातला कडक, सुका पास्ता 'सेमोला दी ग्रानो दूरो'चा, म्हणजे डुरम गव्हाच्या रव्याचा. आपल्याकडचा बन्सी गहू याच जातकुळीतला. इटलीच्या कायद्याप्रमाणे तिथे बनणारा साधा सुका पास्ता याच गव्हाचा असावा लागतो. त्यात रवा आणि पाणी, बाकी काही नाही.

दुसरं घराणं अंड्याचं: 'पास्ता आल्ल्वोव्हो'. हे नाव लावायचं तर एक किलो रव्याला किमान ४ अंडी, वजनाने २०० ग्रॅम, हा नियम आहे. बोलोन्या आणि आसपासचा एमिल्या-रोमान्या प्रांत हे याचं माहेर. ताल्यातेल्ले, लाझान्ये, तोर्तेल्लीनी ही सगळी त्यातली. दक्षिणेत नापोली (नेपल्स), पुल्या, सिचील्या (सिसिली) इथे मात्र रवा-पाण्याचं राज्य.

अंडं न खाणाऱ्यांनी इथेच थांबून पाकीट उलटं करावं. घटकांच्या यादीत 'ऊओव्हा' हा शब्द ठळक अक्षरांत दिसला की ते परत ठेवा. रंगावर जाऊ नका. पिवळाधमक पास्ता अंड्याचाच असतो असं नाही, डुरम गहू मुळातच पिवळसर असतो.

३. नावाची शेपटी वाचा

या एका गोष्टीने माझं निम्मं काम सोपं केलं. नावाच्या शेवटी '-ईनी', '-ईने' किंवा '-एत्ते' आलं की वस्तू लहान. '-ओनी' आलं की मोठी. स्पागो म्हणजे सुतळी. स्पागेत्ती म्हणजे बारीक सुतळ्या, स्पागेत्तीनी आणखी बारीक, स्पागेत्तोनी जाड. कोन्कील्ये म्हणजे शिंपले, कोन्किल्योनी म्हणजे आत सारण भरता येईल एवढे मोठे शिंपले.

पुढे आणखी दोन शब्द लागतात. 'रिगाते' म्हणजे रेघा असलेलं, 'लीशे' म्हणजे गुळगुळीत. आणि सुरुवातीला 'मेझ्झे' असेल तर निम्म्या लांबीचं.

नावाचं पोटही वाचा. पेन्ने म्हणजे पिसं, म्हणजेच बोरू. शाईत बुडवायच्या पिसाचं टोक तिरकं कापलेलं असायचं, तसंच यांचं. फार्फाल्ले फुलपाखरं, ओरेक्किएत्ते छोटे कान, लिंग्वीने छोट्या जिभा, दितालीनी म्हणजे शिवणकामात बोटात घालतात ती अंगुस्तानं. इटालियन माणूस नाव ठेवताना फार विचार करत बसलेला नाही, समोर जे दिसलं ते सांगितलंय. अपवाद 'स्त्रोझ्झाप्रेती'चा. त्याचा अर्थ 'पाद्र्याचा गळा आवळणारे', आणि त्यावर प्रत्येक गावाची वेगळी गोष्ट आहे.

४. लांब पास्ता: एक काडी मोडा आणि तोंडाकडून बघा

लांब पास्ता पाकिटात सगळा सारखाच दिसतो. एक काडी मोडून तिचं तोंड बघायचं.

*गोल आणि भरीव:* सगळ्यात बारीक कापेल्ली दांजेलो, देवदूताचे केस. आपल्या शेवयांच्या सगळ्यात जवळचे हेच, खिरीला हे घ्या. मग स्पागेत्तीनी, मग साधारण २ मिमीची स्पागेत्ती, मग स्पागेत्तोनी. इथे एक सापळा आहे. भारतात शेवयांच्या पाकिटावर 'व्हर्मिसेली' असतं म्हणून 'व्हेर्मिचेल्ली' उचलू नका. इटलीत ती स्पागेत्तीपेक्षा जाड असते. नापोलीत शिंपल्यांबरोबर ती खातात, दुधात ती लागतच नाही.

*गोल, पण मधून पोकळ:* बुकातीनी. बूको म्हणजे भोक. रोममध्ये आमात्रिचानाच्या सॉसमध्ये ही मिळेल. काट्याला गुंडाळताना शर्टावर हमखास शिंतोडे उडतात.

*चौकोनी:* आब्रुत्सो प्रांतातली स्पागेत्ती आल्ला कितार्रा. लाकडी चौकटीवर तारा ताणलेल्या असतात, त्यावर पोळी ठेवून लाटणं फिरवायचं, की खाली चौकोनी दोरे पडतात. कितार्रा म्हणजे गिटार.

*चपटी:* इथे पट्टी काढा. लिंग्वीने आणि बाव्हेत्ते सुक्या पास्त्यातल्या, तोंड लांबट अंडाकृती. बाकी लाटून कापलेल्या. ताल्योलीनी २-३ मिमी रुंद, पापार्देल्ले २-३ सेंटिमीटर, आणि त्यांच्या मधोमध ताल्यातेल्ले. रोमची फेत्तुचीने ताल्यातेल्लेची बहीण, बहुधा थोडी जाड. समोर दोन्ही ठेवल्या तर मलाही दर वेळी ओळखता येत नाहीत, तेव्हा मी सरळ विचारते, हे रोमचं की बोलोन्याचं? दोन्ही कडा झालरीसारख्या असतील तर माफाल्दीने. सव्हॉय घराण्याच्या राजकन्या माफाल्दाचं नाव त्याला दिलंय.

ताल्यातेल्लेच्या रुंदीवरून मात्र आमच्या गावात चेष्टा करायची नाही. १६ एप्रिल १९७२ रोजी इटालियन पाककला अकादमीने इथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये तिचं माप रीतसर नोंदवलं: शिजल्यावर ८ मिमी. हे माप म्हणजे गावातल्या आझिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग, असंही त्यात लिहिलंय. मनोरा सुमारे ९७ मीटरचा आहे, भागाकार करून बघा, जमतो. नमुना म्हणून सोन्याची एक पट्टीही तिथे ठेवलेली आहे. घरमालकीणबाई मापाबिपाच्या भानगडीत पडत नाहीत. पोळीची वळकटी करतात आणि डाव्या हाताची बोटं मागे सरकवत सुरी चालवतात, आपल्याकडे अळूवडीचे काप पाडतात तशी. एकदा मी त्यांच्या नकळत पट्टी लावली. कच्ची ७ मिमी भरली. शिजून फुगल्यावर ८.

हो, आणि 'स्पघेटी बोलोनीज' बोलोन्यात मागू नका. खिम्याचा रागू इथे ताल्यातेल्लेवर घालतात. चपट्या, खरबरीत पट्टीला तो धरून राहतो, स्पागेत्तीवरून घसरून ताटलीच्या तळाशी जातो.

५. आखूड पास्ता: टोक, रेघ, वळण

हे सगळे सोऱ्याचे चिरंजीव. यंत्र म्हणजे भलामोठा सोऱ्या, तळाला भोकांची जाळी. चकलीच्या चकतीत चांदणी असते म्हणून चकलीला काटा येतो, तसंच जाळीच्या कडेला दाते असले की पास्त्यावर रेघा. नळी हवी असेल तर भोकाच्या मधोमध एक दांडी बसवलेली असते. सुरी किती वेळाने फिरते त्यावर लांबी.

नळीचं आधी टोक बघा. तिरकं असेल तर पेन्ने. सरळ असेल, नळी जाडजूड आणि रेघांची असेल तर रिगातोनी. रेघा सरळ न जाता मळसूत्रासारख्या फिरल्या असतील तर तोर्तिल्योनी. रिगातोनीचाच आखूड तुकडा वाटला तर मेझ्झे मानीके, अर्ध्या बाह्या. गुळगुळीत आणि अंगठा आत जाईल एवढी रुंद नळी म्हणजे नापोलीची पाक्केरी. शिजली की ती चपटी होऊन बसते, बिघडली असं समजू नका. झीती हीसुद्धा नापोलीकडची गुळगुळीत नळी. लांबच्या लांब मिळते आणि घरी हाताने मोडून घ्यायची असते.

रेघ आहे की नाही यावर इथे घराघरांत पक्ष आहेत. २०२० च्या सुरुवातीला लोकांनी कोरोनाच्या धास्तीने दुकानं रिकामी केली, तेव्हा फळ्यांवर फक्त गुळगुळीत पेन्ने लीशे उरल्याचे फोटो देशभर फिरले. नापोलीचे लोक म्हणतात, चांगल्या जाळीतून काढलेला असेल तर पास्त्याला रेघा लागतातच कशाला. यात तथ्य आहे. पाकिटावर 'त्राफिलाता अल ब्रोन्झो' लिहिलं असेल तर तो पास्ता ब्राँझच्या जाळीतून काढलेला, अंगावर पिठूळ, हाताला खरबरीत. टेफ्लॉनच्या जाळीतला गुळगुळीत आणि चकचकीत. थोडे पैसे जास्त पडले तरी मी पहिलाच घेते, त्याला सॉस धरतो.

पिळाचे तीन प्रकार डोक्यात ठेवा. भरीव स्क्रूसारखा फुझील्ली (फूझो म्हणजे चाती), पोकळ नळीचा पीळ काव्हाताप्पी (बूच काढायचा स्क्रू), आणि दोन पेडांची वेणी असावी तसे दिसणारे जेमेल्ली, म्हणजे जुळे.

फार्फाल्लेचा एक दोष सांगून ठेवते. कडा करंजीच्या कातणीने कापल्यासारख्या नक्षीदार, दिसायला फार गोड, पण मधली चिमटी शिजेपर्यंत पंख मऊ पडतात. पाहुण्यांना पहिल्यांदाच करून घालणार असाल तर दुसरं काही घ्या.

६. हाताने वळलेले: इथे आपण घरचेच

सरगुंडे माहीत आहेत? वऱ्हाडात काडीभोवती कणकेची दोरी गुंडाळून वाळवतात, उन्हाळ्यात आमरसाबरोबर खातात. सिचील्यातल्या त्रापानीमध्ये हेच करतात. विणायच्या सुईवर किंवा गवताच्या काडीवर पीठ गुंडाळून ओढून काढायचं, नाव बुझियाते. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा आईला व्हिडिओ कॉल लावला. ती म्हणाली, हे तर बारीक केलेत गं, आपले जाड असतात.

ओरेक्किएत्ते आणि काव्हातेल्ली यांत नेहमी गल्लत होते. दोन्ही दक्षिणेतले, दोन्ही रवा-पाण्याचे. पिठाचा तुकडा बोटाने पाटावर दाबत आपल्याकडे ओढला की तो आत वळतो, लांबट होडीसारखा होतो: काव्हातेल्ली. सुरीने ओढून मग अंगठ्यावर उलटा केला की वाटी होते, पाठ खरबरीत राहते: ओरेक्किएत्ते. पुल्यातल्या बारी शहराच्या जुन्या भागात, किल्ल्याजवळच्या गल्लीत, बायका दारात टेबल मांडून दिवसभर हे करत बसलेल्या असतात. पापड लाटायला बसलेल्या बायकांसारख्याच, हात इकडे, गप्पा तिकडे. मी पाचेक मिनिटं त्यांच्या अंगठ्याकडेच बघत उभी होते, तरी तो कधी फिरला ते दिसलं नाही.

बाकीचे पटकन: लिगूर्यातले त्रोफिये दोन्ही टोकांना निमुळते, पिळलेले, पेस्तोबरोबरचे. सिएनाकडचे पीची म्हणजे तळहाताने वळलेली जाड, वेडीवाकडी स्पागेत्ती. सार्देन्यातले माल्लोरेद्दूस छोट्या रेघाळ शिंपल्यांसारखे. रोमान्यातले गार्गानेल्ली पेन्नेसारखे दिसतात, पण नीट बघा: चौकोनी पोळीचं एक टोक दुसऱ्यावर चिकटवलेलं असतं, सांधा दिसतो. ते दातेरी फळीवर काडीने गुंडाळतात. आमची आत्या कोऱ्या फणीवर वळवट दाबायची, तशाच रेघा उठतात.

७. भरलेले: शाकाहारी मंडळी, इथे सावकाश

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, कारण आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही.

तोर्तेल्लीनी आणि तोर्तेल्लोनी. एका अक्षराचा फरक, पण मांसाहार-शाकाहाराची रेघ तिथून जाते. तोर्तेल्लीनी छोटे, बेंबीच्या आकाराचे. चिमुकल्या चौकोनाचा त्रिकोण करून बोटाभोवती गुंडाळतात. १९७४ मध्ये त्याचंही सारण चेंबर ऑफ कॉमर्समध्ये नोंदवलंय: डुकराचं मांस, प्रोशुत्तो (डुकराच्या मांडीचं खारवलेलं मांस), मोर्तादेल्ला (डुकराच्या मांसाचं सॉसेज), पार्मिज्यानो चीज, अंडं, जायफळ. वर मांसाच्याच रश्शात वाढतात. त्यात शाकाहारी काही नाही. तोर्तेल्लोनी मोठे, आणि आत बहुतेक वेळा रिकोत्ता चीज आणि पाला. बहुतेक वेळा, नेहमी नाही. पाकिटावरचं वाचा.

राव्योली चौकोनी उशीसारखे, आत काहीही असू शकतं. पिएमोन्तेचे आन्योलोत्ती देल प्लीन चिमटीने बंद केलेले (तिथल्या बोलीत प्लीन म्हणजे चिमटा), आत सहसा मांस. काप्पेल्लेत्ती म्हणजे टोप्या. रोमान्यात आत चीज, रेज्जो एमिल्यात मांस, म्हणून विचारल्याशिवाय घ्यायचे नाहीत. फेर्राराचे काप्पेल्लाच्ची दी झुक्का लाल भोपळ्याचे, आणि ते मला पुरणासारखे गोडसर लागतात.

हे शब्द लिहून ठेवा: कार्ने (मांस), सुईनो किंवा मायाले (डुक्कर), मांझो किंवा बोव्हीनो (गाय-बैलाचं), प्रोशुत्तो, मोर्तादेल्ला, ब्रोदो (रस्सा). आणि एक उलटा शब्द: 'दी माग्रो'. शब्दशः अर्थ 'बारीक, चरबी नसलेलं', म्हणून मी महिनाभर ते कमी चरबीचं मांस समजून टाळत होते. खरं तर 'राव्योली दी माग्रो' म्हणजे उपासाच्या दिवसाचे, बिनमांसाचे.

एक आणखी: सारणात पार्मिज्यानो रेज्जानो जवळजवळ नेहमीच असतं आणि ते वासराच्या जठरातल्या विरजणाने बनतं. तुम्ही तेही पाळत असाल तर भरलेला पास्ता बाजूला ठेवलेलाच बरा.

८. सूपमधला बारीक पास्ता

याला सरसकट 'पास्तीना' म्हणतात. स्तेल्लीने चांदण्या, दितालीनी अंगुस्तानं, रिझोनी तांदूळ. लहान मुलांना आणि आजाऱ्यांना देतात, आपली पेज तशी. गव्हल्यांसाठी रिझोनी. ओर्झो म्हणजे जव, हे माझ्यासाठी एकदा परत म्हणा.

९. पाकिटावरचे आकडे

पाकिटावर मोठा आकडा असतो. तो आकाराचा जागतिक क्रमांक असावा असं मी समजत होते. प्रत्येक कंपनीचा क्रम वेगळा. बारिल्लाची स्पागेत्ती ५ नंबरची, दे चेक्कोची १२. बारिल्लाचा ७ म्हणजे स्पागेत्तोनी, दे चेक्कोचा ७ म्हणजे लिंग्वीने. मैत्रिणीला फोनवर 'सात नंबर आण' असं सांगू नका.

कामाचा आकडा एकच: 'कोत्तूरा', म्हणजे शिजायची मिनिटं. घरमालकीणबाईंचं प्रमाण १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ, पाणी उकळल्यावर मीठ, मग पास्ता. माणशी ८० ग्रॅम सुका पास्ता पुरतो. लिहिलेल्या वेळेच्या एक मिनिट आधी चाखून बघा.

आता ती बरणी. प्रत्येक पाकिटाच्या तळाशी मूठभर पास्ता उरतो, कुणा एकाचं जेवण होणार नाही एवढाच. तो सगळा तिच्यात टाकत जा, लांब काड्या असल्या तर मोडून. नापोलीत अशा मिसळीला 'पास्ता मिस्ता' म्हणतात आणि बटाट्याबरोबर घट्टसर शिजवतात. पूर्वी दुकानातल्या खोक्यांच्या तळचा चुरा स्वस्तात विकत, त्यातून ते आलं. आता कारखाने मुद्दाम मिसळून पाकिटं भरतात. भरलेले आणि अंड्याचे मात्र यात घालू नका, आणि फार्फाल्लेही नकोत, कारण वर सांगितलंच.